‘संताप व्यक्त होत आहे’ : जिल्हा डेस्कवरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, कुडाळ

आज पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. गावोगावचे सत्कार, व्याख्यानं, गुलाबपुष्पं यांच्या बातम्या दुपारपासून येतायत. त्याच गडबडीत बरेच दिवस रेंगाळलेल्या कामाला वृत्तसंपादकांनी होकार दिला.

काम असं. आमच्या जिल्हा पानांवर रोज भावनेचे शब्द छापले जातात: संताप, नाराजी, रोष, हळहळ, चिंता, समाधान, खळबळ, घबराट. ते कुठे येतात, कुणाच्या नावावर येतात आणि मुख्य म्हणजे कशाच्या बदली येतात, हे पाहायचं. शेवटी डेस्कसाठी, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानं लावणाऱ्या आम्हा उपसंपादकांसाठी, आणि तालुका वार्ताहरांसाठी दोन-तीन पानांचं टिपण काढायचं.

त्यासाठी एक वही घातली आहे. शब्द कोणता, भावना कुणाची, ती सांगितली कुणी, कशाबद्दल, असे रकाने पाडले. शेवटचा रकाना वेगळा आहे: ‘या माणसाने आणखी काय सांगितलं होतं?’ हा छापील अंकावरून भरता येणार नाही. त्यासाठी वार्ताहराला फोन करावा लागेल, जमलं तर त्या माणसालाही. खरं काम त्या रकान्यातच आहे, असं मला वाटतं.

१३ जानेवारी

पहिली कात्रणं वहीत चिकटवून झाली. सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य: ‘रस्त्याच्या दुरवस्थेबाबत नागरिकांतून तीव्र संताप व्यक्त होत आहे.’ रस्त्याच्या जागी वीज घाला, एसटी घाला, नळाचं पाणी घाला. सांगाडा तोच राहतो. कुणी वारलं तर ‘हळहळ व्यक्त होत आहे’, पूल मंजूर झाला तर ‘समाधान व्यक्त होत आहे’. या वाक्यांना कर्ता नाही. संताप कुणी केला, कुठे केला, कुणापुढे केला, काहीच नाही. तो आपला आपण होत राहतो.

वरच्या भागातल्या एका जुन्या वार्ताहरांना विचारलं, हे वाक्य का लिहिता? उत्तर सरळ आलं. ‘मॅडम, त्या रस्त्यावरनं मी रोज जातो. संताप माझाच असतो. पण बातमीत माझं नाव कसं घालू? आणि दुसऱ्या कुणाचं घातलं, तर त्याला उद्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत जायचं असतं.’

हे नीट लक्षात ठेवायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी वार्ताहर हाच जाहिरातीही आणतो, आणि त्याचं मानधन बऱ्याच अंशी त्या कमिशनवरच असतं. ज्याच्या विरुद्ध लिहायचं, त्याच्याच दारात दिवाळी अंकाच्या शुभेच्छा-जाहिरातीसाठी उभं राहायचं. अशा वेळी ‘नागरिकांतून’ ही त्याची ढाल होते. शहरातल्या कुणी या वाक्याला नावं ठेवण्याआधी ती ढाल कशामुळे लागते ते पाहावं. म्हणून टिपणात ‘हे वाक्य वापरू नका’ एवढंच लिहून भागणार नाही. ते काढलं तर त्याच्या जागी काय ठेवायचं, जे खरं असेल आणि ज्याने कुणी अडचणीत येणार नाही, हेही सांगावं लागेल.

२४ जानेवारी

आज फक्त क्रियापदं तपासली. एवढं साधं काम, पण संध्याकाळपर्यंत मन अस्वस्थ झालं.

अधिकारी ‘स्पष्ट करतात’, ‘माहिती देतात’, ‘निर्देश देतात’. पुढारी ‘ठणकावतात’, ‘इशारा देतात’, ‘ग्वाही देतात’. मच्छीमार, बागायतदार, आशा सेविका, धरणग्रस्त मात्र ‘व्यथा मांडतात’, ‘कैफियत मांडतात’, ‘टाहो फोडतात’, ‘संताप व्यक्त करतात’. बोलणारी बाई असेल तर तिचे ‘डोळे पाणावतात’.

माणसं एकाच बैठकीतली, एकाच टेबलाभोवतीची. खात्याचा अधिकारी म्हणाला, ‘गस्त सुरू आहे.’ बातमीत ते ‘स्पष्ट केले’ झालं. रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा मच्छीमार, म्हणाला, ‘गस्तीनौका रात्री बंदरात उभी असते.’ बातमीत तो ‘रोष’ झाला. खरं तर दोन्ही विधानं माहितीची आहेत. दोन्ही तपासून पाहता येतात. नौका कधी सुटली, कधी परतली, याची नोंद असते. पण एकाचं बोलणं माहिती म्हणून छापलं गेलं आणि दुसऱ्याचं भावना म्हणून. भावना तपासायला कुणी जात नाही. त्यामुळे नौका कुठे होती हा प्रश्न तिथेच संपला.

या प्रकल्पात मला जे म्हणायचं आहे त्याचं टोक इथे हाताला लागलं. भावनेचा शब्द बातमीत नुसती भर घालत नाही, बऱ्याचदा तो माणसाचा मुद्दा खाऊन टाकतो.

३० जानेवारी, मालवण

वहीतला शेवटचा रकाना भरायला बंदरावर गेले. परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरांची बातमी नुकतीच लागली होती. मथळा: ‘घुसखोरीमुळे मच्छीमारांत संतापाची लाट’. जाळी तुणत, म्हणजे फाटलेली सांधत, बसलेल्या एका वयस्क मच्छीमारांना ती दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘तुमी आमचो राग छापलात. दहा वावाच्या आत रातीक किती ट्रॉलर इले, ता खंय छापलात?’

वाव म्हणजे समुद्राची खोली मोजायचं माप, साधारण सहा फूट. मग त्यांनी जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. ट्रॉलर कुठल्या बाजूने आले, दिवे कधी दिसले, कुणाची जाळी तुटली, त्या जाळ्याला किती खर्च आला होता, कुणी कुणाला फोन लावला, तो कितव्यांदा उचलला गेला, पलीकडून काय उत्तर मिळालं. यातलं बरंचसं आमच्या वार्ताहरालाही माहीत होतं. त्याने ते लिहून पाठवलंही होतं. डेस्कवर जागा कमी पडली तेव्हा कॉपी, म्हणजे त्याने पाठवलेला मजकूर, खालून कापली गेली, आणि वर ‘संतापाची लाट’ राहिली. म्हणजे दोष एकट्या वार्ताहराचा नाही. कापताना आम्ही काय ठेवतो, तोही प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण राग म्हणतो, त्याच्या मागे कायदा उभा असतो. सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ चा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन, म्हणजे मासळीचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. बंदरावरच्या माणसांना ही सालं तोंडपाठ आहेत. ते बोलतात तेव्हा कुठला आदेश पाळला जात नाही, याकडे बोट दाखवत असतात. बातमी वाचणाऱ्याला मात्र फक्त चिडलेली माणसं दिसतात.

संध्याकाळी ती बातमी तेवढ्याच जागेत पुन्हा लिहून पाहिली. आधीचं पहिलं वाक्य: ‘परराज्यातील हायस्पीड ट्रॉलर्सच्या वाढत्या घुसखोरीमुळे किनारपट्टीवरील पारंपरिक मच्छीमारांत तीव्र संताप व्यक्त होत असून, प्रशासनाच्या बघ्याच्या भूमिकेबाबत नाराजीचा सूर उमटत आहे.’ नव्याने लिहिलेलं: ‘ट्रॉलर दहा वावाच्या आत आल्याचे मच्छीमारांनी रात्रीच फोनवरून कळवले, गस्तीनौका सकाळपर्यंत आली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. नौका त्या रात्री कुठे होती, याची माहिती खात्याकडे मागितली आहे.’ शब्द जवळपास तेवढेच. ‘संताप’ एकदाही नाही. तरी वाचल्यावर चीड येते, आणि ती वाचणाऱ्याची स्वतःची असते.

५ फेब्रुवारी

जुन्या फायली. जुलै २०२१.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. त्या आठवड्याचे अंक सलग वाचणं अवघड गेलं. ‘काळाचा घाला’, ‘शोककळा’, ‘हंबरडा’, ‘काळीज पिळवटून टाकणारा आक्रोश’. यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे आधी लिहून ठेवते. तळियेच्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून कोरडं लिहायला सांगणारी मी कोण?

चिपळूणच्या बातम्या पुढे वाचत गेले तेव्हा मात्र एक बदल दिसला. पहिल्या दिवसांत सगळीकडे ‘आक्रोश’ आणि ‘संताप’. मग हळूहळू मथळ्यांत ‘गाळ’ यायला लागतो. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणाचा विसर्ग, निळी आणि लाल पूररेषा. चिपळूणकरांनी आपला राग गाळ या एका शब्दावर आणून ठेवला, आणि वर्षाअखेर त्यासाठी साखळी उपोषणाला बसले. मग वर्तमानपत्रांनाही किती घनमीटर काढला, किती राहिला, हे छापणं भाग पडलं. संतापाला सरकारी उत्तर ‘आम्ही आपल्या भावना समजू शकतो’ असं देता येतं. घनमीटरला तसं देता येत नाही.

लोकांनी वर्तमानपत्राला भाषा दिल्याचं हे मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण. टिपणात ते पहिल्या पानावर घालणार.

२० फेब्रुवारी

आजचा विषय ‘भावना दुखावल्या’. या शब्दांना कायद्याचं वजन आहे म्हणून ते वेगळे काढले.

भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ आलं १९२७ साली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम २९९ आहे. बातमीत आपण लिहितो, ‘धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल’. कलमाची अट याहून कडक आहे: अपमान हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेला असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं ते याच अटीच्या जोरावर. नकळत, निष्काळजीपणाने कुणाला लागेल असं बोललेलं त्यात बसत नाही. आमच्या बातमीतून हेतूची अट गळते आणि फक्त दुखावणं उरतं. वाचणाऱ्याला वाटतं, कुणाला वाईट वाटलं की गुन्हा झाला. गाव लहान असेल तर या गैरसमजाची किंमत मोठी असते. इथे डेस्कने नियमच करावा, असं माझं मत आहे: कलम लिहायचं, आरोप नेमका काय आहे ते लिहायचं, आणि ‘भावना दुखावल्या’ हे तक्रारदाराचं म्हणणं म्हणून लिहायचं.

धार्मिक नसलेल्या बाबतीतही हे शब्द सर्रास येतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या दिवशी आमच्या डेस्कवर कुणाला जेवण गेलं नाही, ते दुःख कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘शिवप्रेमींच्या भावना दुखावल्या’ हे शब्द त्यानंतर प्रत्येक पक्षाच्या पत्रकात आले. पण पुतळा कोसळण्याआधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून गंजलेल्या नट-बोल्टबद्दल नौदलाला पत्र गेलं होतं, ही बातमीही तेव्हाच आली. ज्यांना खरोखर लागलं होतं, त्यांच्यासाठी ते पत्र फार मोलाचं होतं. पत्रकांची गर्दी एवढी झाली की रोजच्या पानावर गंजाला मिळालेली जागा भावनेला मिळालेल्या जागेपेक्षा कितीतरी कमी भरली. फायलीत कात्रणं शेजारी शेजारी लावली की डोळ्यांना ते दिसतं.

१४ मार्च

शिमगा. सगळीकडून ‘उत्साहात साजरा’, ‘भक्तिमय वातावरणात’, ‘मोठ्या जल्लोषात’. यांवर फार वेळ घालवत नाही; गोड शब्दाने कुणाचं काही बुडत नाही. एका जागी मात्र बुडतं. पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत वाद होतो, प्रांताधिकारी आदेश काढतात, आणि बातमीत ‘दोन्ही बाजूंच्या भावना तीव्र’ एवढंच येतं. मान कुणाचा, कधीपासूनचा, आदेशात काय म्हटलंय, हे कुणी लिहीत नाही. वर्षभराने तोच वाद, तीच बातमी.

२ एप्रिल

राजापूरच्या फायली, एप्रिल २०२३. बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, धरपकड झाली. त्याआधी नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१७ मध्ये निघून मार्च २०१९ मध्ये रद्द झाली होती. म्हणजे या भागातली माणसं कित्येक वर्षं एकच विषय बोलत होती आणि त्यातले बारकावे त्यांना पाठ होते.

फायलीत काय आहे? ‘स्थानिकांचा तीव्र विरोध’, ‘भावना तीव्र’, ‘जनभावनेचा उद्रेक’. दुसऱ्या बाजूच्या बातम्यांत ‘प्रकल्पाला वाढते समर्थन’, ‘बेरोजगार तरुणांत उत्सुकता’. दोन्हीकडच्या बातम्यांतून कारणं गळाली आहेत. विरोध करणारे कशाबद्दल बोलत होते? सड्यावरची कातळशिल्पं, ज्यांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला, सड्यावर पडलेलं पाणी मुरून खालच्या वाडीत निघतं ते झरे, गुरांची चराई, कलमं, खाडीतली मासळी. समर्थन करणारेही काहीतरी नेमकं बोलत होते: वाडीत राहिलेली म्हातारी माणसं, मुंबईला गेलेली मुलं, जमिनीचा दर. दोन्हीकडे विचार होता. छापताना त्याची ‘भावना’ झाली, आणि मग ‘लोकांच्या भावना जाणून घेऊन निर्णय घेऊ’ हे कुणीही, कुठल्याही व्यासपीठावरून म्हणू शकतं अशी सोय झाली.

सरकारी कागदाची भाषा इथे वर्तमानपत्राच्या पुढे आहे, हे लिहिताना वाईट वाटतं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना आहे. तिच्याखाली जनसुनावणी होते, तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि तिथे उभा राहून माणूस जे बोलतो त्याला म्हणतात हरकत. ती इतिवृत्तात लिहिली जाते, आणि प्रकल्पवाल्याला अंतिम अहवालात तिची दखल घ्यावी लागते. खाडीकाठची निरक्षर आजी तिथे बोलली तरी ती हरकतच असते. आपल्या पानावर येईपर्यंत तिची ‘व्यथा’ होते.

डेस्कवर आजपासून एक सवय लावून घ्यायचा प्रयत्न करतेय. ‘विरोध’, ‘रोष’, ‘भावना’ यांपैकी शब्द दिसला की वार्ताहराला एकच प्रश्न: हरकत काय आहे? बहुतेक वेळा त्याच्याकडे उत्तर असतं. विचारलेलं नसतं, एवढंच.

१९ एप्रिल

अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी सुट्टीत मदतीला येतेय. तिने वहीतल्या वाक्यांमधली भावना संगणकाला ओळखायला द्यायचं ठरवलं. मराठीत भावविश्लेषणासाठी पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा संच तयार केला आहे: सुमारे १६,००० मराठी ट्वीट, प्रत्येकावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण. मराठीसाठी कुणी एवढे कष्ट घेतले याचं मला फार अप्रूप वाटलं.

आमच्या कामात मात्र एका साध्या वाक्याने अडवलं: ‘हापूसची आवक वाढली, दर उतरले.’ यावर खूण कुठली करायची? देवगडच्या बागायतदाराला ही वाईट बातमी, वाशीहून पेटी नेणाऱ्या गिऱ्हाईकाला चांगली, दलालाला दोन्ही. मुलीने स्वतःच निष्कर्ष काढला की वाक्याला एक खूण देण्याआधी ‘कुणासाठी?’ हा रकाना हवा. संगणकाला जे विचारायला हवं, तेच आम्हाला उपसंपादकांना विचारायला हवं आहे.

आंब्याचंच आणखी एक. ‘कर्नाटकी आंबा हापूस म्हणून विकला जात असल्याने बागायतदारांत संताप.’ खाली काय हवं होतं? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. म्हणजे इथला बागायतदार आपल्या नोंदणीकृत हक्काबद्दल बोलतोय. त्याने तक्रार कुठे केली, पेट्या कुणी तपासल्या, पुढे काय झालं, हे दोन ओळींत मावतं.

९ मे

ही नोंद थोडक्यात लिहिते, कारण या विषयात लांबण लावू नये.

आत्महत्येच्या बातमीत ‘नैराश्यातून टोकाचे पाऊल’ हे पहिल्याच दिवशी येतं. पोलिसांच्या नोंदीत त्या वेळी ‘कारण समजू शकले नाही’ असं असतं. इथे भावनेचा शब्द चक्क कारण म्हणून बसवला जातो, आणि घरच्यांना तो आयुष्यभर पुसता येत नाही. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत: बातमी ठळक जागी नको, मथळा सनसनाटी नको, पद्धत आणि जागेचा तपशील नको, छायाचित्र नको. ती छापून डेस्कच्या भिंतीवर लावली. बातमीखाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कारण कळलेलं नसेल तर ‘नैराश्यातून’ काढायचं, यावरही.

२६ मे

काल मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोहोचल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं. आज तो मुंबईत. केरळात २४ मेलाच आला होता. एरवी तळकोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो.

दुपारपर्यंत डेस्कवर दोन कॉपी आल्या. एकीचा मथळा ‘मान्सूनच्या आगमनाने बळीराजा सुखावला’, दुसरीचा ‘अवकाळीने बळीराजा हवालदिल’. तालुका एकच. दोन्ही वार्ताहर प्रामाणिक. गोंधळ ‘बळीराजा’ या शब्दात आहे. हा शब्द घाटावरच्या एका पिकावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला कदाचित बसत असेल. आमच्याकडे एका घराची भातशेती असते, चार कलमं असतात, एखादा बोटीवर खलाशी असतो, एखादी बाई सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) आणि सुकी मासळी करून विकते. पाऊस या सगळ्यांवर एकाच वेळी पडतो.

देवगडच्या बाजूला एका ओळखीच्या काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘सोलां अर्धी भिजली, लाकडां भायर ऱ्हवली. पण विहिरीक पाणी चडला, ता बरा झाला.’ मग एकेक करून सांगत गेल्या. कॅनिंगला जाणारा शेवटचा आंबा झाडावरच राहिला, गाडीवाला येत नाही. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, राखलेली जमीन भाजून झाली होती, पण नांगर फिरायच्या आधीच चिखल झाला. मुलगा बोटीवर, मासेमारी बंदी १ जूनपासून, पण समुद्र आताच खवळलाय, म्हणजे हंगामाचे शेवटचे दिवस हातचे गेले. अगोटीचं सामान, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, निम्मं भरायचं राहिलंय. टँकर मात्र आता लागणार नाही.

सुखावल्या की हवालदिल झाल्या? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी एक सांगितलं असतं आणि मी ते लिहून मोकळी झाले असते. दोन्ही कॉपी बाजूला ठेवल्या आणि तिसरी बातमी केली: कुणाचं काय भिजलं, कुणाचं काय वाचलं, कुठल्या कामाची वेळ हुकली, पंचनाम्यात यातलं काय धरलं जातं आणि काय नाही. त्यात एक गोष्ट वर आली जी दोन्ही मथळ्यांखाली दबली असती. सोलं आणि सुकी मासळी घरातल्या बायका करतात, अंगणात वाळवतात. आंब्याचं नुकसान झालं की मागणी, निवेदन, पंचनामा असं सगळं पुढे सरकतं. अंगणात भिजलेल्या सोलांचा हिशेब त्यात कुठेच नव्हता. वार्ताहराने तहसील कार्यालयात तो प्रश्न विचारला. उत्तर आलेलं नाही, पण प्रश्न विचारल्याचं छापलं.

या प्रकल्पातलं सगळ्यात समाधानाचं काम हेच.

१४ जून

टिपण झालं. बैठकीत ते एक एक मुद्दा घेऊन वाचलं.

‘व्यक्त होत आहे’ हे वाक्य काढायचं, हे मान्य झालं. त्याच्या जागी ज्याला नाव द्यायचं नाही त्याचं काम आणि ठिकाण द्यायचं (‘या एसटीने रोज कणकवलीला जाणारी एक परिचारिका’), आणि तिने काय सांगितलं ते द्यायचं. ढालही राहील आणि माणूसही राहील. ज्या वार्ताहरांनी संताप आपलाच असतो असं म्हटलं होतं, त्यांनीच आणखी सुचवलं की खड्ड्याची बातमी असेल तर कुणाच्याच भावनेची गरज नाही. अंतर, ठिकाण, शेवटचं डांबरीकरण कधी झालं आणि ठेका कुणाकडे आहे, एवढं पुरतं. ते जसंच्या तसं टिपणात घातलं.

क्रियापदांवर वाद झाला. ‘म्हणाले’ सगळ्यांना सारखं लावलं तर पान सपाट होईल, असं ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, सपाट झालं तरी चालेल. आधी सारखं होऊ दे. शेवटी ठरलं की एका बातमीत अधिकारी आणि गावकरी दोघं बोलत असतील तर क्रियापद एकच ठेवायचं. एवढ्यावर मी राजी आहे.

‘हळहळ’ राहू द्या, असं वृत्तसंपादक म्हणाले. गावातल्या शाळेचे गुरुजी गेले तर गाव खरंच हळहळतं, तो शब्द आपण लोकांच्या तोंडून घेतलाय. मला पटलं. फक्त तो वार्ताहराने दुसऱ्या गावात बसून लिहू नये, अशी पुस्ती जोडली.

छायाचित्रांच्या ओळी राहिल्या आहेत. रडणाऱ्या माणसाच्या फोटोखाली त्याचं नाव द्यायचं की नाही, त्याला विचारलं होतं का, हे सगळं वेगळं बसून पाहावं लागेल. तो भाग छायाचित्रकाराला सोबत घेऊन करायचा आहे.

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टपासून बंदरांवरच्या बातम्या पुन्हा सुरू होतील, तेव्हा वहीतला शेवटचा रकाना वार्ताहरांनी स्वतः भरून कॉपीसोबत पाठवायचा, असं ठरलंय. मालवण, वेंगुर्ला आणि देवगडच्या वार्ताहरांनी होकार कळवला आहे. वरच्या तालुक्यांतल्यांशी बोलणं चालू आहे. त्यांचा प्रश्न रास्त आहे, की एवढं लिहून पाठवलं तर डेस्क ते खालून कापणार नाही कशावरून. त्याचं उत्तर आम्हाला पानावरच द्यावं लागेल.